चार बिटं आणि एक दात: आमच्या चिंचची केस

घोडी आठ वर्षांची, क्वार्टर हॉर्स, उंची चौदा-दोन, म्हणजे चार-चार इंचांच्या चौदा मुठी आणि वर दोन इंच, एकूण ५८ इंच. तक्रार एकच: बॅरल रेसिंगमध्ये, म्हणजे पिंपांभोवतीच्या घोडदौडीत, पहिल्या बॅरलला (पिंपाला) वळत नाही, तोंड वर करून सरळ पुढे निघून जाते. दुसरं आणि तिसरं बॅरल मात्र व्यवस्थित घेते. स्वार माझी मुलगी, वय पंधरा. मी मूळचा सांगलीचा, मेकॅनिकल इंजिनिअर, गेली अकरा वर्षं टेक्सासमध्ये फोर्ट वर्थच्या पश्चिमेला राहतो. त्याआधी घोड्याशी माझा संबंध मिरज स्टेशनाबाहेरच्या टांग्यापुरता होता.

रंग पिकलेल्या चिंचेचा म्हणून मुलीनं तिचं नाव चिंच ठेवलं. तबेल्यातल्या लोकांना ते ‘सिंच’ ऐकू येतं. सिंच म्हणजे खोगिराचा पोटाखालून आवळायचा पट्टा, त्यामुळे घोडीचं नाव पट्ट्यावरून ठेवणारं हे कोण कुटुंब, असं त्यांना अजून वाटतं. आम्हीही दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. मैदानात त्रिकोणात तीन पिंपं उभी असतात. वेळेची रेघ ओलांडून भरधाव आत यायचं, तिन्ही पिंपांभोवती एकेक वळसा घ्यायचा आणि त्याच वेगानं बाहेर पडायचं. वरून पाहिलं तर तीन पाकळ्यांचं पान दिसतं. पूर्ण मापाच्या मैदानात पहिल्या दोन पिंपांमधलं अंतर ९० फूट, त्या दोघांपासून तिसरं प्रत्येकी १०५ फूट आणि वेळेची रेघ पहिल्या दोघांपासून ६० फूट. पिंप पाडलं तर पाच सेकंदांचा दंड, म्हणजे त्या दिवसापुरता खेळ संपल्यात जमा, कारण निकाल सेकंदाच्या शंभराव्या, कधी हजाराव्या भागावर लागतो. हा खेळ मुख्यतः बायकांचा. १९४८ साली टेक्सासमधल्या सॅन अँजेलोला मुलींची रोडिओ (गुराखी-स्वारांच्या खेळांची) संघटना निघाली, तीच १९८१ पासून महिला व्यावसायिक रोडिओ संघटना म्हणून ओळखली जाते.

सुरुवात उजवीकडून केली तर एक वळण उजवं आणि दोन डावी. डावीकडून केली तर उलट. आमची मुलगी उजवीकडून जाते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. आमच्या लक्षात मात्र ते फार उशिरा आलं.

चिंच घेतली तेव्हा विकणाऱ्या बाईंनी आमच्यासमोर तिला पळवून दाखवलं. वेळ १७.९. तोंडात काही नव्हतं. डोक्यावर मेकॅनिकल हॅकमोर होतं: नाकावरून जाणारा पट्टा, हनुवटीखाली साखळी, दोन्ही बाजूंना दांडे. लगाम ओढला की दाब नाकावर आणि हनुवटीवर येतो, तोंडात लोखंड नसतं. त्या म्हणाल्या, ‘हिला हॅकमोरच आवडतं.’ मी वहीत लिहूनही घेतलं. एकाही माणसानं, माझ्यासकट, ‘का आवडतं?’ असं विचारलं नाही. त्या बाईंना दोष देत नाही. त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. विकत घेण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासणीही करून घेतली होती, पण ती पायांची, सांध्यांच्या एक्सरेची, फुफ्फुसाची. तोंडात बॅटरी मारून कुणी पाहिलं नाही, आणि पाहा असं आम्हीही म्हटलं नाही.

घरी आणल्यावर मुलीला हॅकमोर जमेना. त्यानं घोडा थांबतो बरा, पण एका बाजूला वळवायचा, मानेला बाक द्यायचा तर ते आंधळं हत्यार आहे. उजवा लगाम ओढला तरी पट्टा सगळ्या नाकावर आवळतो. सराईत स्वार वजनानं आणि पायानं वळवतो, त्याचं भागतं. पंधरा वर्षांच्या मुलीचं भागत नव्हतं. म्हणून तिनं आपल्या जुन्या घोड्याचं बिट चढवलं: गुळगुळीत, मधे एकच सांधा, दोन्हीकडे मोठ्या गोल कड्या, म्हणजे ओ-रिंग स्नॅफल. मराठीत लगामाच्या या तोंडातल्या लोखंडाला कडियाळं असा छान शब्द आहे, पण इथं सगळे बिटच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. ओ-रिंग स्नॅफल हे सौम्य बिट समजलं जातं.

पहिली दौड २०.३. पहिल्या बॅरलला घोडी सरळ कुंपणापर्यंत गेली. दुसरी १९.८, तोच प्रकार.

मग सल्ले सुरू झाले. बॅरलच्या मैदानावर गाडी उभी करून पाच मिनिटं थांबलात तर तीन माणसं तीन बिटं सुचवतात. सल्ल्यांचा मथितार्थ असा की घोडी हाताला जड आहे, ऐकत नाही, तिला ‘जास्त बिट’ हवं. बहुतेक ठिकाणी अमुकच बिट वापरा अशी सक्ती नसते, त्यामुळे दुकानाच्या भिंतीवर बिटांच्या रांगाच्या रांगा लटकलेल्या असतात. प्रत्येक बिट कुणाच्या तरी घोड्यावर चाललेलं असतं.

आम्ही घेतलं ते गॅग बिट. दांडा सात इंची, तोंडातली पट्टी पिळलेल्या तारेची. जोडीला टाय-डाउन, म्हणजे नाकपट्टीपासून छातीपर्यंत जाणारा पट्टा, घोड्यानं डोकं फार वर नेऊ नये म्हणून.

पुढच्या शनिवारी १९.१. आम्ही पिझ्झा मागवला.

इथं थोडं थांबतो, कारण या केसमधली आमची सगळ्यात महागडी चूक ही आनंदाची होती. कडक नवं बिट पहिल्या एक-दोन दौडींना चालतंच. घोडा दचकलेला असतो, दाब कुठून येतो हे त्याला कळलेलं नसतं, म्हणून तो ऐकतो. तिसऱ्या दौडीपर्यंत तो त्यावर उपाय शोधून काढतो. चिंचनं शोधला. टाय-डाउनच्या पट्ट्यावर नाक रेलून, मान ताठ करून ती पहिल्या बॅरलवर खांदा टाकायला लागली. २०.६, वर बॅरल पाडल्याचे पाच. त्यानंतरच्या आठवड्यात ती मैदानात शिरायच्या बोळापाशीच थांबली. पुढचे पाय जमिनीवरून उचलले, मागे सरली, कडेच्या लोखंडी फाटकावर आदळली. मुलगी पडली नाही, पण परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द बोलली नाही.

मी माझ्या धंद्याप्रमाणे कागद-पेन घेतलं. दांड्याच्या बिटाचं गणित शाळेतल्या तरफेचं आहे. तोंडातल्या पट्टीच्या वरचा भाग दोन इंच आणि खालचा सहा इंच असेल, तर लगामाला लावलेला पाच किलोचा ओढा हनुवटीच्या साखळीवर पंधरा किलो होऊन जातो. तोंडातली पट्टी दोन्हींची बेरीज सोसते, म्हणजे वीस किलो. ते वीस किलो जबड्याच्या बिनदाताच्या जागेवर येतात. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधली ही मोकळी जागा, तिथं हाडावर पातळ कातडीपलीकडे फारसं काही नसतं. गॅगमध्ये पट्टी दांड्यावर सरकते, म्हणून आधी ओठांचे कोपरे वर आणि मागे, दाढांच्या दिशेनं खेचले जातात आणि मग तरफ लागू होते. त्यात पट्टी पिळलेल्या तारेची असेल तर तेवढंच वजन कितीतरी कमी जागेवर येतं. ‘बाबा, मी हळूच ओढलं होतं,’ असं मुलगी सांगत होती. खरंच हळू ओढलं असेल.

कागद छान झाला. पण त्यातून एवढंच कळलं की बिट कडक आहे. घोडी का वळत नाही, ते कळलं नाही.

ते कळायला आमच्या तबेल्याच्या मालकीणबाई लागल्या. सत्तरीच्या, पूर्वी स्वतः पळवणाऱ्या. त्यांनी बिटाकडे पाहिलंच नाही. विचारलं, ‘उजवीकडे कशी आहे आणि डावीकडे कशी?’ मुलगी म्हणाली, पहिल्या बॅरलला वाईट, बाकी दोन्हींना ठीक. बाई म्हणाल्या, ‘मी बॅरल नाही विचारलं. बाजू विचारली.’

दुसऱ्या दिवशी उलटं करून पाहिलं. डावं बॅरल पहिलं. घोडी पहिल्यावर सुरेख वळली, आणि मग दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही उजव्या वळणांवर तोंड वर. तीन महिने आम्ही ‘पहिलं बॅरल’ म्हणत होतो तो आजार बॅरलचा नव्हताच, तो उजवीकडचा होता. पहिल्या बॅरलशी घोडा सगळ्यात जास्त वेगानं येतो, म्हणून सगळे पहिलं बॅरलच बिघडतं असं गृहीत धरतात. आम्हीही धरलं.

मग मी फोनवर सेकंदाला २४० फ्रेमच्या वेगानं चित्रण केलं, बॅरलच्या मागे, कुंपणाच्या पलीकडे उभं राहून. साधी उजवी वळणं, तीही दुडक्या चालीत. रात्री जेवणाच्या टेबलावर एकेक फ्रेम पुढे सरकवत आम्ही तिघं बघत बसलो. बायको म्हणाली, ‘अगं, तिनं तोंड आधी उघडलंय.’ पुन्हा मागे नेलं. खरंच. मुलीचा उजवा हात हलायच्या आधी, लगामाला अजून ढील असताना, घोडीचे ओठ फाकले, जीभ मागे गेली, कान आडवे झाले. मग हात हलला. मग लगाम ताणला. मी फ्रेम मोजल्या: ५२. म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग आणि वर थोडं. मुलगी वळायच्या आधी उजवा खांदा किंचित खाली टाकते, घोडी तो खांदा ओळखायला शिकली होती. येणाऱ्या दाबासाठी ती आधीच तयार होत होती. न ऐकणाऱ्या घोड्याचं तोंड लगाम ताणल्यानंतर उघडतं. हिचं आधी उघडत होतं. ही घोडी घाबरलेली होती.

दातांच्या डॉक्टरांना बोलावलं. गुंगीचं इंजेक्शन, तोंड उघडं ठेवणारी चौकट, कपाळावर दिवा. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार झाल्या होत्या, गालाच्या आतून दोन जागी घासून व्रण. टाय-डाउनची नाकपट्टी नेमकी तिथंच बाहेरून गाल दाबत होती, हे आमचं कर्तृत्व. पण मुख्य गोष्ट बोटानं सापडली. उजव्या बाजूला वर, पहिल्या दाढेच्या पुढे, हिरडीखाली तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा टणक उंचवटा. डॉक्टरांनी तो दाबला आणि गुंगीतल्या घोडीनं डोकं झटकलं. एक्सरेत दिसला तो न उगवलेला वुल्फ टूथ, हिरडीच्या आत आडवा पडलेला.

वुल्फ टूथ हा घोड्याचा काहीच काम नसलेला दात. काही घोड्यांना असतो, काहींना नसतो. उगवला तर दिसतो आणि बहुतेक जण लहानपणीच काढून टाकतात. न उगवलेला दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं दाढा घासून घेतल्या तरी राहून जातो. आमच्या ओ-रिंग बिटानं उजवा ओढा आला की ओठाचा कोपरा त्या दाण्यावर चेमटत होता. गॅगनं तर तो कोपरा त्याच्यावरच नेऊन ठेवला. सौम्य बिटानं कमी दुखत होतं, कडक बिटानं जास्त, हॅकमोरनं अजिबात नाही. ‘हिला हॅकमोरच आवडतं.’ वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात उत्तर लिहिलेलं होतं.

दात निघाला, पंचवीस मिनिटांत. डॉक्टरांनी तो मुलीच्या तळहातावर ठेवला. एवढासा, करंगळीच्या नखाएवढा.

आता कुणी म्हणेल, झालं, केस मिटली. नाही मिटली. दुखणं गेलं तरी दुखण्याची आठवण राहते, आणि मुलीचा खांदा अजून पडतच होता. बिटाची निवड खरी इथून सुरू झाली.

पहिले पाच आठवडे तोंडात काहीच नाही. साइडपुल, म्हणजे नाकपट्टीच्या दोन बाजूंना लगाम बांधलेला साधा साज, ना साखळी ना दांडा. त्यातले पहिले तीन आठवडे जखम भरण्यासाठीच होते. बॅरलच्या जवळही गेलो नाही. चाल आणि दुडकी, उजवीकडे मोठी वर्तुळं, मग लहान. मालकीणबाईंनी मुलीला एक नियम घातला: आधी नजर, मग बसण्याची जागा, मग पाय, आणि हात सगळ्यात शेवटी. मुलीला वाटलं ही शिक्षा आहे. थोडी होतीही.

मग चौकशी झाली मापाची. काठीला दोरा बांधून घोडीच्या तोंडात धरली, ओठांच्या कोपऱ्यांशी खुणा केल्या. पावणेपाच इंच. आमचं जुनं बिट पाच इंची, सगळ्यांच्या घरी असतं तसं. पाव इंच म्हणजे काही नाही असं वाटेल. पण एका सांध्याचं बिट जास्त रुंद असलं की ओढल्यावर एका बाजूला सरकतं, सांधा मध्यावर राहत नाही, आणि पट्टी अडकित्त्यासारखी मिटते. म्हणून तिसरं बिट घेतलं ते मापाचं, तीन तुकड्यांचं स्नॅफल: मधे छोटा गोलसर तुकडा, दोन बाजूंना वाकवलेल्या गुळगुळीत पट्ट्या, गोड लोखंडाच्या. गोड लोखंड म्हणजे सहज गंजणारं. तो गंज घोड्याला चवीला लागतो, लाळ सुटते. स्टेनलेस स्टीलच्या झळाळीवर जाऊ नका, घोडा आरशात बघत नाही. तीन तुकड्यांचं बिट जिभेवर पसरतं, मधे टोचत नाही, आणि एक बाजू उचलली तर दुसरी शांत राहते. उजवीकडची भीती घालवायला हीच गोष्ट हवी होती: उजव्या लगामाचा निरोप उजवीकडेच पोचणं.

सहा आठवडे त्याच बिटावर सावकाश काम. मी दर रविवारी तेच चित्रण करायचो. तोंड लगामाच्या ४० फ्रेम आधी उघडायचं, मग २५, मग ९. डिसेंबरच्या मध्यावर एक दिवस उघडलंच नाही. लगाम ताणला, घोडीनं जबडा चावल्यासारखा हलवला आणि नाक उजवीकडे दिलं.

सराव आणि स्पर्धा यांना एकच बिट पुरतं का? काहींना पुरतं. आम्ही स्नॅफलवरच दोन दौडी करून पाहिल्या, १८.९ आणि १९.०. भरधाव आलेल्या घोडीला बॅरलच्या अलीकडे मागचे पाय पोटाखाली घ्यायची आठवण करून द्यावी लागते, त्याला इथं ‘रेट’ म्हणतात. सरळ ओढ्याच्या स्नॅफलवर त्यासाठी मुलीला फार लांबून, फार जोरात ओढावं लागत होतं, आणि ओढाओढीत तिचा खांदा परत पडायला लागला. थोडीशी तरफ असती तर तिला कमी ओढावं लागलं असतं. म्हणजे दांड्याचं बिट हवं होतं तेही घोडीच्या भल्यासाठीच. दांडा म्हणजे क्रूर आणि स्नॅफल म्हणजे दयाळू, असा जो समज आहे तो कागदावर ठीक आहे. जड हातातलं स्नॅफल आणि हलक्या हातातला दांडा यांत मी घोडा असतो तर दुसरा निवडला असता. काटेरी बिटाचा प्रश्न अर्थात वेगळा, त्याला हात कसाही असो. आपल्याकडे लग्नाच्या घोड्यांना लावलेले काटेरी लगाम पाहिले असतील. १९६५ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी त्यावर बंदी आहे, तरी ते दिसतात.

चौथं बिट, जे आज वापरतो, ते असं: पट्टी तीच, तीन तुकड्यांची गुळगुळीत, म्हणजे तोंडाला अनोळखी काही नाही. दांडा आखूड, पाच इंचांच्या आत. पट्टी दांड्यावर अर्धा इंच सरकते, तेवढ्या सरकण्यानं घोडीला पूर्वसूचना मिळते आणि तरफ लागायच्या आत ती उत्तर देऊ शकते. हनुवटीखाली साखळी न लावता चामड्याचा पट्टा, दोन बोटं सहज जातील इतका ढिला. टाय-डाउन काढून टाकलं. सरावाला हे बिट कधीच नाही, आठवडाभर स्नॅफल आणि स्पर्धेच्या दिवशी हे. ओठाच्या कोपऱ्याला जेमतेम एक सुरकुती पडेल इतक्या उंचीवर.

हॅकमोरकडे परत का गेलो नाही, असं विचारतात. एकदा गेलो. दात गेल्यावर तिला त्याची गरज उरली नव्हती आणि वळणात मानेला आकार देता येत नव्हता. तबेल्यातला एक तरुण त्यावर नेहमी स्कँपरचा दाखला देतो: १९८५ च्या रोडिओच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत लास वेगासला चारमेन जेम्स या बॅरल रेसर बाईंच्या या घोड्याचा डोक्यावरचा साज दौडीतच सुटला, तरी ती फेरी त्यांनीच जिंकली, मग बिटाचं एवढं काय घेऊन बसलात? दाखला खरा आहे. फक्त त्या जोडीनं १९८४ ते १९९३ अशी ओळीनं दहा जागतिक अजिंक्यपदं मिळवली, हे तो सांगायचं विसरतो. त्या घोड्याला लगामाशिवाय काय करायचं ते कळलं, कारण लगामानं कधीतरी ते नीट सांगितलेलं होतं.

फेब्रुवारीत पहिली खरी स्पर्धा झाली. बोळापाशी चिंच थांबली. मुलीनं ओढलं नाही, टाचही मारली नाही, तिच्या मानेवर हात ठेवून बसून राहिली. मागे रांगेतल्या बाईंनी घड्याळ पाहिलं. मग घोडीनं श्वास सोडला आणि स्वतःहून आत गेली. १८.४. सगळ्यात वेगवान वेळेपेक्षा किती मागे राहिलात त्यावर गट पडतात. त्या दिवशीची सगळ्यात वेगवान वेळ १७.१ होती, म्हणजे आम्ही तिसऱ्या गटात. बक्षिसाची रक्कम डिझेललाही पुरली नाही. मार्चमध्ये १८.२.

एप्रिलपासून दुसऱ्या बॅरलला, डावीकडे, चिंच बाहेर पडताना खांदा आत टाकते आहे. मैदानावर तिघांनी आत्तापर्यंत तीन बिटं सुचवली आहेत. मी फोनमधली जुनी चित्रं काढून जागा रिकामी केली आहे, रविवारी कुंपणापलीकडे उभा राहणार आहे.